ब्रश पाहिला की पलंगाखाली: पिल्लाला विंचरून घ्यायची सवय लावताना

नाशिकच्या कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला कुत्र्याच्या पिल्लाचं सामान घ्यायला गेलात की पट्टा, वाडगा आणि खाण्याच्या पिशवीसोबत एक ब्रशही गळ्यात पडतो. तो वापरायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. मग रविवारी सकाळी सगळे फुरसतीत असताना पिल्लाला मांडीवर घेतलं जातं. एकानं पाय धरायचे, दुसऱ्यानं डोकं, तिसऱ्यानं ब्रश चालवायचा. पिल्लू किंचाळतं, चावतं, निसटतं. पुढच्या रविवारी नुसता ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला तरी ते पलंगाखाली जाऊन बसतं आणि घरात ठरून जातं, की हा फार हट्टी आहे.

हट्टाचा यात काही संबंध नसतो. आपल्याला धरून ठेवलं आणि काहीतरी टोचलं, एवढंच त्या पिल्लाला कळलेलं असतं. म्हणून आधीच सांगून ठेवतो: पहिल्या महिना-दोन महिन्यांत केस विंचरणं हे तुमचं काम नाहीच. अंगाला कुठेही हात लावला तरी काही वाईट होत नाही, उलट खाऊ मिळतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसवायचं आहे. त्या काळात केस जरा विस्कटलेले दिसले तर दिसू द्या. पाहुण्यांना काय वाटेल याची काळजी नंतर करता येते.

वयाचाही फायदा घ्या. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या काळात पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. पिल्लू बहुधा याच काळात घरी येतं. लसी पूर्ण व्हायच्या असल्यामुळे त्याला बाहेर फिरवता येत नाही, तर तेवढा वेळ घरात या सवयीसाठी वापरा. मोठं झाल्यावरही शिकवता येतं, फक्त वेळ जास्त लागतो.

आधी ब्रश कोणता ते बघा

निम्मी भांडणं चुकीच्या ब्रशमुळे होतात. गावठी पिल्लू, बीगल, पग, लॅब यांचे केस आखूड. त्यांना रबराचा दातेरी ब्रश किंवा हातात घालायचा रबरी मोजा पुरतो. लॅबला आत मऊ केसांचा दुसरा थर असतो, त्यामुळे मोठा झाला की तो घरभर केस गाळणार, पण पिल्लूपणी रबरी ब्रशच बरा. शिहत्झू, पॉम (पॉमेरेनियन), गोल्डन (रिट्रीव्हर) अशा लांब केसांच्या पिल्लांना बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश आणि स्टीलचा कंगवा लागतो. घेण्याआधी तो ब्रश स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा जाणवला तर पिल्लाला जाणवणारच. तारांच्या टोकांना गोळ्या असलेले ब्रश सुरुवातीला ठीक, पण लांब केसांत ते वरवरच फिरतात, म्हणून नंतर कंगव्याला पर्याय नाही.

केस उपटून काढणारी ती धारदार दात्यांची महागडी हत्यारं पिल्लाला लावू नका. व्हिडिओत केसांचा ढीग बघायला मजा येते, कातडीला नाही.

खाऊ आणि नाशिककरांसाठी एक इशारा

रोजचं कोरडं खाणं इथे चालणार नाही. ज्यासाठी पिल्लू जीव टाकेल असं काहीतरी हवं आणि ते फक्त या कामासाठीच राखून ठेवायचं. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं, शाकाहारी घरात पनीर. तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. मोठे तुकडे दिलेत तर दोन मिनिटांत पोट भरतं आणि धडा संपतो.

आता इशारा. आपल्या जिल्ह्यात जानेवारी ते मार्च घरोघरी द्राक्षांची पेटी येते, बेदाणे वर्षभर डब्यात असतात आणि कांद्याबद्दल तर बोलायलाच नको. हे तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, शिजवलेला असो की मसाल्यात वाळवून घातलेला. म्हणजे मिसळीचा रस्सा नाही, कांदा घातलेला चिवडाही नाही. "आमच्या मळ्यातला कुत्रा रोज द्राक्षं खातो, त्याला काही झालं नाही" असं सांगणारे भेटतील. काही कुत्र्यांना खरंच काही होत नाही, पण कुणाला होईल आणि किती खाल्ल्यावर होईल, हे आधी सांगता येत नाही. पिल्लानं खाल्लीच तर उलटीची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल हे नाव नाही ना, ते तपासा. गोडीसाठी घालतात तो पदार्थ कुत्र्याच्या जिवावर बेततो.

जागा आणि वेळ

आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे पाय घसरतात आणि घसरणारं पिल्लू आधीच घाबरलेलं असतं. जुनं पोतं, योगा मॅट किंवा रबरी पायपुसणं टाका. तेच नेहमी टाका, म्हणजे ते अंथरलं की आता काय होणार हे त्याला कळू लागेल. पहिले काही आठवडे टेबलावर चढवू नका, उडी मारली तर पाय मोडतो. तुम्हीही जमिनीवर बसा, त्याच्या बाजूला. समोरून अंगावर वाकलेला माणूस पिल्लाला फार मोठा दिसतो.

वेळ अशी निवडा, की खेळून, शी-शू करून पिल्लू जरा सैल पडलंय, पण जेवण अजून व्हायचं आहे. संध्याकाळी घरात सुसाट पळायचा त्याचा जो तास असतो, तेव्हा ब्रश हातात घेऊ नका. दारावर कुरिअरवाला आहे, मुलं शाळेतून आलीत, टीव्हीवर क्रिकेट चाललंय, असल्या गडबडीतही नको.

ब्रशशिवायचे दिवस

पहिले काही दिवस ब्रश कपाटातच राहू द्या. खांद्यावर हात ठेवा, उचला, खाऊ द्या. क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण इथेच घोळ घालतात. आधी स्पर्श, लगेच मागून खाऊ. आधी खाऊ दाखवून मग हात लावलात तर हुशार पिल्लू थोड्याच दिवसांत खाऊ बघूनच संशय घेऊ लागतं.

खांद्यावरून पाठीवर, छातीवर, मग कानाच्या मुळाशी, मग पंजाकडे. पंजे, शेपटी आणि पोट शेवटी, कारण तिथे हात लावलेला बऱ्याच पिल्लांना आवडत नाही. पंजा धरून ठेवायचा नाही, फक्त बोट टेकवायचं. दोन दिवसांनी मुठीत घ्यायचा आणि लगेच सोडायचा. त्यानं पाय ओढला तर तुम्ही एक पायरी जास्त चढलात, एवढाच त्याचा अर्थ. खाली उतरा.

एकदा बसलं की एक-दोन मिनिटं, बस. त्यापेक्षा दिवसातून तीन-चारदा बसा. स्वयंपाकघरात चहा उकळतोय तेवढ्यात एक फेरी होते.

ब्रशची ओळख

मग ब्रश आणा आणि काहीच करू नका. पोत्यावर ठेवा. पिल्लू हुंगेल, खाऊ द्या. ब्रश पाठीमागे लपवा, खाऊ बंद. पुन्हा काढा, खाऊ सुरू. ब्रश दिसला की चांगलं काहीतरी होतं आणि तो गेला की चांगलंही संपतं, हे एकदा बसलं की पिल्लू स्वतःच ब्रशकडे बघून तुमच्या हाताकडे बघायला लागतं. हे होईपर्यंत अंगाला ब्रश लावू नका.

पुढे ब्रशची मागची, गुळगुळीत बाजू खांद्याला टेकवा आणि खाऊ द्या. त्यानंतर दात्यांची बाजू, केसांच्या दिशेनं, फक्त वीतभर आणि एकदाच. मग दोनदा. मग एकदाच. दरवेळी वाढवतच नेलं तर पिल्लू पुढच्या वेळेचा अंदाज घेऊन आधीच आखडतं, म्हणून मधूनच सोपी फेरी टाकायची.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींचं शिहत्झू पिल्लू मी या टप्प्यावर पाहिलंय. आजी पाटावर, पिल्लू बाजूला पोत्यावर, स्टीलच्या ताटलीत दह्याचा पातळ थर. पिल्लू ताटली चाटतंय आणि आजी मानेपासून खांद्यापर्यंत ब्रश नेतायत. ब्रश उचलला की ताटलीही उचलायची. तिसऱ्या फेरीला पिल्लानं चाटणं थांबवलं, जीभ एकदा नाकावरून फिरवली, कान थोडे मागे गेले. आजींनी ब्रश खाली ठेवला.

"आजी, अजून थोडं कर ना, तो काहीच करत नाहीये," नातू म्हणाला.

"काही करत नाहीये तोवरच थांबायचं असतं, बाळा."

ही युक्ती दह्यामुळे जमते असं समजू नका. दही फक्त वेळ काढून देतं. काम केलं ते योग्य क्षणी ब्रश खाली ठेवण्यानं. दही मात्र साधं, बिनसाखरेचं हवं. ताटली सरकत असेल तर बाथरूमच्या टाइलवर पिल्लाच्या नाकाच्या उंचीला दह्याचं बोट फिरवा, चाटत उभं राहतं.

"नको" कसं ओळखायचं

पिल्लू सरळ चावायला येत नाही. आधी बऱ्याच गोष्टी सांगतं, आपलं लक्ष नसतं. भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान दुसरीकडे वळवणं, डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसणं, शेपटी पोटाशी घेणं. सगळ्यात फसवं म्हणजे एकदम पुतळ्यासारखं स्तब्ध होणं. "बघा किती शहाण्यासारखा उभा आहे" असं आपण म्हणतो आणि ते बिचारं भीतीनं गोठलेलं असतं. आवडता खाऊ नाकाशी नेऊनही घेत नसेल, तर शंका नको. त्या दिवशी तिथेच थांबायचं.

गुरगुरलं तर ओरडू नका, नाकावर चापट मारू नका. गुरगुरणं ही पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केलीत, तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतील. हात शांतपणे काढा, पिल्लाला जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या मागून सुरू करा.

ब्रशलाच चावणारं पिल्लू वेगळं. ते घाबरलेलं नाही, त्याला ते खेळणं वाटतंय. चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे २८ दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. तेवढे दिवस हिरड्या शिवशिवत असतात. तोंडात चघळायला दुसरं खेळणं द्या आणि ब्रश त्याच्या नजरेआड, पाठीच्या बाजूनं फिरवा. ब्रश हिसकावून घ्यायची ओढाताण केली, की खेळ रंगला असंच त्याला वाटतं.

यातच एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते. त्याआधी पिल्लाचा दात किंवा नख लागून तुम्हाला रक्त आलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपल्या, म्हणजे माणसांच्या, डॉक्टरांना दाखवा. हळद भरून गप्प बसायचं नाही. पिल्लू घरातलं आहे, ब्रीडरकडून आणलंय, दिसायला ठणठणीत आहे, ही कारणं पुरेशी नाहीत.

लांब केसांचा गुंता

आखूड केसांची पिल्लं असलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

शिहत्झूच्या पाठीवरून ब्रश छान फिरतो, पिल्लू चमकतं आणि आपल्याला काम झालं असं वाटतं. आत, कातडीजवळ, गुंता तसाच असतो. म्हणून केस हातानं वर उचलून भांग पाडा, खालचा एक पातळ थर सोडा, तो विंचरा, मग वरचा. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत फिरला पाहिजे. तो अडला तिथे गुंता आहे. हमखास जागा म्हणजे कानामागे, पुढच्या पायांच्या बगलेत, मांडीच्या आत, शेपटीखाली आणि जिथे हार्नेसचा पट्टा घासतो तिथे.

गुंता सोडवायची रीत शाळकरी मुलीची वेणी घालणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक आहे: केस मुळाशी घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे यायचं. आधी बोटांनी, जरा कॉर्नफ्लोअर चोळून, मग कंगव्यानं. सुटलाच नाही तर कात्री लावू नका. गुंत्याबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि ती कापली गेल्याचं रक्त दिसेपर्यंत कळत नाही. असा गुंता ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस-नखं कापून देणाऱ्याकडून) किंवा डॉक्टरांकडून मशीननं काढून घ्या. एका बैठकीत एकच गुंता. पिल्लाची सहनशक्ती गुंत्याआधी संपते.

वर्षाच्या आत पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येऊ लागतात. तेव्हा काही आठवडे गुंता एकाएकी वाढतो. तुमच्या हातून काही चुकलेलं नसतं, तेवढे दिवस रोज विंचरावं लागतं.

नखं, कान, अंघोळ

नखांची सवय नेलकटरच्या आवाजापासून लावा. पिल्लाशेजारी बसून कोरडी शेवई किंवा काडेपेटीतली काडी कापा, "कट्" झालं की खाऊ. मग नेलकटर नुसता नखाला टेकवा. मग एका दिवशी एकच नख, तेही फक्त टोक. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून अगदी कणकण कापायचं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. अंगठ्यासारखं वरचं नख जमिनीला लागत नाही, ते आपोआप झिजत नाही आणि वळून कातडीत शिरतं. तेवढं विसरू नका.

कानात इअरबड घालायचा नाही. दिसतं तेवढं कापसानं पुसा. वास येत असेल, डोकं सारखं झटकत असेल, तर डॉक्टर.

अंघोळ विंचरल्यानंतर, आधी नाही, कारण ओला गुंता आवळतो. आपला शॅम्पू नको, कुत्र्याची कातडी वेगळी असते. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली थंडी पिल्लाला झेपत नाही, तेव्हा दुपारच्या उन्हात, कोमट पाण्यानं, आणि मुळापर्यंत कोरडं करायचं. लसीच्या आसपास अंघोळ घालायची की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ड्रायरची ओळखही ब्रशसारखीच करून द्या: आधी बंद, मग शेजारच्या खोलीत चालू, मग लांबून. अंगावर झोत सगळ्यात शेवटी.

पावसाळा आणि कुसळं

जूननंतर गोचीड वाढतात. फिरून आल्यावर कानाच्या घड्या, मान आणि बोटांच्या बेचक्या चाचपून बघायची सवय हीसुद्धा ग्रूमिंगच आहे, आणि स्पर्शाची तयारी झालेलं पिल्लू ती आनंदानं करू देतं. उवांची बारीक फणी इथे कामाला येते. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. तिच्यातून येणारा ताप पिल्लाला जड जातो. पिल्लू मलूल झालं, खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर थांबू नका. गोठ्यातलं गोचिडाचं औषध मात्र पिल्लाला लावायचं नाही. मळ्यातल्या घरांत हे सर्रास होतं आणि पिल्लं दगावतात. औषध पिल्लाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच घ्या.

पाऊस संपून गवत वाळलं, की पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला फिरून आलेल्या कुत्र्याच्या केसांत कुसळं अडकतात. बोटांच्या मध्ये शिरलेलं कुसळ कातडीत घुसून पू धरतं. पंजा सारखा चाटत असेल तर आधी तिथे बघा. काळ्या मातीचे गोळेही बोटांत सुकतात. ते ओढू नका, कोमट पाण्यात पंजा बुडवून विरघळू द्या.

उन्हाळ्यात "गरम होतंय बिचाऱ्याला" म्हणून पॉम, गोल्डन किंवा जर्मन शेफर्डचे केस पार तासून टाकणारे बरेच आहेत. तसं करू नका. आतला-बाहेरचा थर मिळून उन्हापासून राखण करतो आणि तासलेले केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. आतला सुटलेला थर विंचरून काढा, पंखा लावा, पाणी ठेवा.

ग्रूमरकडे पहिल्यांदा नेताना

लसी पूर्ण झाल्यावरच. पहिली भेट कामाची नको. नुसतं आत जा, खाऊ द्या, टेबलाला हुंगू द्या, परत या. दुसऱ्यांदा फक्त नखं. चांगला ग्रूमर याला हसत नाही. तुम्हाला थांबून बघता येईल का, पिल्लू घाबरलं तर ते काम अर्धवट सोडतात का, हे स्पष्ट विचारा. "आमच्याकडे सगळी गप्प बसतात" हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे चौकशी करा. डॉक्टरांशिवाय कुणी गुंगीचं औषध देतो म्हणालं, तर पिल्लाला उचलून बाहेर पडा.

आणि ज्यांच्या घरी तो रविवार आधीच होऊन गेलाय, त्यांनी जुना ब्रश सरळ कुणाला तरी देऊन टाका. वेगळ्या रंगाचा, वेगळ्या आकाराचा घ्या. खोली बदला, माणूस बदला. आधी पाय धरणाऱ्यानं निदान महिनाभर फक्त खाऊ द्यायचा. आणि ब्रशशिवायच्या दिवसांपासून पुन्हा सुरू करा. दरम्यान गुंता वाढलाच, तर तो डॉक्टरांकडे काढून घ्या, घरी जबरदस्ती नको.